पाटोळेकाकांची हरकत

आमच्या घरी चहाचा कप माझ्या हातून निसटला आणि सगळा चहा पाटोळेकाकांच्या पँटवर गेला, तेव्हा माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "अरेरे, कप तुटला!"

काका ताडकन उभे राहिले. पँट मांडीला चिकटली होती आणि तिच्यातून वाफा येत होत्या. अशा वेळी माणूस आधी पँट झटकतो. काकांनी खाली वाकून कपाचा कान उचलला, उजेडात धरून नीट पाहिला आणि मला विचारलं, "तुटला? सुतळीचा होता का?"

"नाही म्हणजे... फुटला."

"हां," ते समाधानाने म्हणाले. आणि मग ओरडले, "आई गं! भाजलं की हो!"

भास्करराव पाटोळे यांच्या शरीरात दुखणं मेंदूपर्यंत पोचायच्या आधी एक सेक्शन ऑफिसर बसलेला आहे. तो प्रथम भाषा तपासतो. भाषा बरोबर असेल तरच दुखणं पुढे सरकतं.

काका मूळचे नगरचे. वडील तिथल्या मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे. काका केंद्र सरकारच्या नोकरीसाठी तरुणपणीच दिल्लीला आले, एका मंत्रालयात दुसऱ्यांनी लिहिलेले मसुदे तपासत निवृत्त झाले आणि आता गाझियाबादेत, वैशालीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, शालिनीकाकू गेल्यापासून एकटेच राहतात. धर्माने ख्रिस्ती. रविवारी सकाळी चर्चमध्ये आणि सभा असेल त्या रविवारी दुपारी आमच्या गणेशोत्सव मंडळात. दोन्हीकडे मागच्या रांगेत बसतात आणि दोन्हीकडे पुढच्या रांगेला धाकात ठेवतात.

माझी, म्हणजे या मंडळाच्या सचिवाची, गोष्ट वेगळी. माझा जन्मच करोल बागेतला. आजोबा टपाल खात्यात नोकरीला म्हणून दिल्लीला आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे माझं मराठी घरात शिजलेलं आणि गल्लीत आटलेलं. हिंदीत सगळंच टूटता है. कप टूटता है, खाट टूटती है, हाथ टूटता है, दिल तर काय, सारखंच टूटत असतं. तेव्हा आम्हा दिल्लीकरांच्या मराठीतही सगळं तुटतं. फुटायला, मोडायला, तडकायला आमच्या घरात कोणाला परवानगीच नाही.

काकांना हे सहन होत नाही. त्यांचं म्हणणं असं की मराठीत एखादी वस्तू कशी गेली ते क्रियापदातच लिहिलेलं असतं, वेगळा पंचनामा करावा लागत नाही. "मडकं फुटतं, काडी मोडते, तार तुटते, काच तडकते, टवका उडतो," ते भाजी निवडल्यासारखं सांगतात. "एवढी सोय बापजाद्यांनी करून ठेवलीय, आणि तुम्ही एकाच हातोड्याने सगळं ठोकताय!"

त्यांचं हे वेड मी हसण्यावारी न्यायचो. मग मीनलचा हात गेला. मीनल म्हणजे माझी बायको. मेट्रोच्या जिन्यावर तिचा पाय घसरला आणि मनगटाचं हाड गेलं. मी हॉस्पिटलातून काकांना फोन केला, "काका, आज मीटिंगला जमणार नाही. मीनलचा हात तुटला."

पलीकडे फोन बंद.

अर्ध्या तासात काका हजर. केस विस्कटलेले, चपला वेगवेगळ्या जोडातल्या, आणि हातात थर्मोकोलचा एक मोठा डबा. त्या डब्याला मासळीचा असा वास येत होता की शेजारचा पेशंट उठून बसला. काकांनी मीनलकडे पाहिलं, तिच्या प्लास्टरकडे पाहिलं, आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "हात कुठे आहे?"

"हा काय."

"लागलेलाच आहे?"

"म्हणजे?"

"तुम्ही तुटला म्हणालात!" काकांनी डबा खाली ठेवला आणि झाकण उघडलं. आत काठोकाठ बर्फ. "तुटलेला हात बर्फात ठेवला तर डॉक्टर परत जोडतात. मच्छीवाल्याच्या हातापाया पडून आणलाय मी हा!" मग ते बाकावर बसले. थोडा वेळ रुमालाने तोंड पुसत राहिले आणि नंतर आवाज चढला. "मोडला! हाड मोडतं, सचिवसाहेब! तुमच्या एका क्रियापदापायी मी ऑटोवाल्याला दोन सिग्नल तोडायला लावले!"

मीही जरा चिडलो होतो. म्हटलं, "काका, सिग्नल तोडतात की मोडतात?"

काका विचारात पडले. राग कुठच्या कुठे गेला. "नियम मोडतात," ते हळूहळू म्हणाले. "सिग्नलचं मराठीत अजून नीटसं ठरलेलं नाही."

मीनल पडल्या पडल्या म्हणाली, "काका, एवढे मच्छीवाल्याकडे गेलाच होतात, तर दोन पापलेटं तरी आणायची."

हे झालं काकांच्या हरकतींचं आपत्कालीन खातं. रोजचं खातं वेगळं. त्यांच्या हिंदी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी पाद्रीसाहेब म्हणतात, रोटी तोड़ी. नगरला काका लहानपणापासून ऐकत आले, भाकर मोडली. "दर वेळी कानात खडा जातो हो," ते मला म्हणाले. "पण हिंदीत तेच बरोबर आहे. चूक नाही, म्हणून काही बोलताही येत नाही." बरोबर असलेल्या गोष्टीचं इतकं दुःख झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ती कसर मग आमच्या मंडळात भरून निघते. आमचं मंडळ यमुनापारचं, म्हणजे नोएडा आणि गाझियाबाद मिळून एक. आरती सांगायला सुलभाताई गोखले. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि टाळी चुकवणारा माणूस त्या पाठमोऱ्या असतानाही ओळखतात. एकदा स्थापनेच्या वेळी त्या म्हणाल्या, "चला, नारळ फोडा कोणीतरी."

मागच्या रांगेतून आवाज आला, "देवापुढचा नारळ वाढवतात, सुलभाताई. फोडतात तो चटणीचा."

सुलभाताई सावकाश वळल्या. "पाटोळे, तुमच्यात काय करतात हो नारळाचं?"

"आमच्यात केक असतो. तो कापतात. त्याच्यावर वाद नाही."

नारळ वाढवला गेला. त्या दिवसापासून सुलभाताई कोणताही शब्द उच्चारण्याआधी मागच्या रांगेकडे एक चोरटी नजर टाकतात. काकांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय असावा, कारण सरकारात त्यांच्याकडे वळून बघणारा एकच इसम होता, आणि तो शिपाई चहाचे ग्लास न्यायला यायचा.

तर असं हे मंडळ. आणि ते फुटायला निघालं.

कारण सांगायला लाज वाटते, पण मी सचिव आहे, मला सांगावं लागेल. (सचिव मी निवडणुकीने झालो. निवडणूक चालू असताना मी बाथरूममध्ये होतो.) गेल्या वर्षीच्या गणपतीत नोएडाच्या पराग सबनीसने आरतीसाठी एक ब्लूटूथ स्पीकर आणला. पराग आयटीत टीम लीडर आहे. तो घरी बायकोलाही 'क्विक अपडेट' देतो. "काय आहे ना यार, आपल्या लोकांचे सूर जुळत नाहीत," तो म्हणाला. "रेकॉर्डेड आरती लावू, सगळे मागून म्हणतील. सिंपल." सुलभाताईंनी ओठ घट्ट मिटले. स्पीकर लागला. आरती ऐन भरात आली, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि स्पीकरच्या आतून एक बाई अत्यंत प्रसन्न आवाजात म्हणाली, "बॅटरी लो. प्लीज चार्ज."

अर्धं मंडळ हसलं, अर्धं हसलं नाही. जे हसले ते नोएडाचे निघाले आणि जे हसले नाहीत ते गाझियाबादचे. मी हसू दाबताना ठसका लागून बाहेर गेलो, म्हणून मी तटस्थ ठरलो.

मग एकेक जुनं निघत गेलं. मोदक तळणीचे का करता, कार्यक्रमाचं निवेदन हिंदीत का, हॉल नेहमी गाझियाबादेतच का, नोएडाच्या मुलांना श्लोक का येत नाहीत. उन्हाळा संपेपर्यंत असं ठरलं की आता दोन मंडळं करायची. दोन गणपती, दोन हॉल, दोन सचिव. ही शेवटची गोष्ट मला पटली होती, कारण निदान अर्धं काम कमी होणार होतं.

फक्त ठराव करायचा राहिला होता. आणि आमच्या मंडळात कोणताही कागद काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय सभेपुढे येत नाही. हे घटनेत कुठेही नाही. काकांना पदही नाही. पण ते समोर बसलेले असताना त्यांना न दाखवता मराठी वाचण्याची हिंमत आमच्यापैकी एकातही नाही.

पहिला मसुदा मी केला. 'सर्वानुमते मंडळ तोडण्यात येत आहे.' सभा सुलभाताईंच्या घरी होती, पोह्यांच्या बशा फिरत होत्या. काकांनी चष्मा पुसला. "तोडण्यात? आंब्याचं झाड आहे का? की लचका?"

"काका, भाव समजून घ्या ना," पराग म्हणाला.

"भाव समजला. भाषा समजली नाही. दुरुस्त करून पुढच्या रविवारी पुट अप करा."

पुढच्या रविवारी परागच्या घरी, नोएडात. मी कपापासून धडा घेतला होता. लिहून नेलं, 'मंडळ फुटले आहे.' काकांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं! काका म्हणाले, "शब्द चांगला आहे. पण आपोआप फुटलं, की कोणी फोडलं? तेवढं स्पष्ट हवं."

बस्स. पुढचा दीड तास मंडळ कोणी फोडलं यावर गेला. सुलभाताई म्हणाल्या, ज्याने स्पीकर आणला त्याने. पराग म्हणाला, "ताई, टोमणे वर्षभर कोण मारत होतं?" 'फोडले' या शब्दाखाली सही करायला कोणीच तयार होईना. परागच्या बायकोने सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी दिली. भांडणाने भूक लागली होती, लोकांनी दोनदा घेतली. सुलभाताईंनीही. दाण्याचं कूट जाडसर ठेवल्याबद्दल त्यांनी तिचं कौतुक केलं आणि परागकडे पाहून पुन्हा तोंड वाकडं केलं.

तिसऱ्या खेपेला 'मोडण्यात येत आहे'. काका म्हणाले, "मोडलं म्हणजे राहिलं नाही. मग नाव कोणालाच वापरता येणार नाही. समया, सतरंज्या, ती मोठी परात, सगळं कोणाचंच नाही." दोन्ही बाजूंनी परातीवर एकदम हक्क सांगितला. परागने सुचवलं, 'मंडळाचे विसर्जन'. सुलभाताईंनी कानांवर हात ठेवले. "स्थापनेच्या आधी विसर्जन? जिभेला काही हाड?" मग कोणीतरी म्हणालं, 'विघटन'. काकांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. सोसायटीच्या खतखड्ड्यावर पाटी होती, 'जैविक विघटन. प्लास्टिक न डालें.'

असे रविवार जात होते. एक मजा माझ्या उशिरा ध्यानात आली. मंडळ सुखाने नांदत होतं तेव्हा वर्षातून तीनदा सभा व्हायची आणि कोरम भरायला मला लोकांना उचलून आणावं लागायचं. आता मंडळ फुटायचं म्हणून दर रविवारी सगळे न बोलावता येत होते. मुलंही यायला लागली. मोठे भांडत आहेत हे त्यांना टीव्हीपेक्षा बरं वाटत असावं.

अशाच एका रविवारी, चहाच्या वेळी, पराग काकांपाशी आला. मी बाजूलाच होतो. "काका, एक गोष्ट फायनल आहे," त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "नोएडाच्या पहिल्या गणपतीचे प्रमुख पाहुणे तुम्ही. व्हीआयपी चेअर, शाल, श्रीफळ, सगळं. तुम्ही ख्रिश्चन असून आमच्याबरोबर असता, हे स्टेजवरून सांगायला पाहिजे यार. मस्त मेसेज जातो."

"अच्छा," काका म्हणाले.

पराग गेला आणि सुलभाताई आल्या. त्यांचा आवाज मी आयुष्यात प्रथमच मऊ झालेला ऐकला. "पाटोळे, आमच्याकडची पहिली आरती तुमच्या हस्ते करायची ठरतेय. रीतसर आमंत्रण द्यायला घरी येऊ आम्ही. आम्ही काही कोत्या मनाची माणसं नाही, हे त्या नोएडावाल्यांना कळू दे."

"अच्छा," काका म्हणाले.

त्यांच्या बशीत बटाटेवडा होता. तो तसाच राहिला. मी पाटोळेकाकांना ओळखतो तेव्हापासून त्यांनी मंडळाचा वडा टाकल्याचं मी पाहिलेलं नाही.

सभा पुन्हा सुरू झाली. माझ्याकडे त्या दिवशी पक्का मसुदा होता. मी एका वकील मित्राला दाखवून आणला होता. 'मंडळाचे विभाजन करण्यात येत आहे.' शुद्ध, सरकारी, निर्जंतुक शब्द. दोन्ही बाजूंनी पसंत केला. पेनं निघाली.

काका उठून उभे राहिले. एरवी ते बसूनच हरकत घेतात.

"सचिवसाहेब, तुम्ही करोल बागेत वाढलात. शेजारी कोण होतं तुमच्या?"

"लायलपूरचे एक. वरच्या मजल्यावर मुलतानचे."

"त्यांच्या घरात हा शब्द ऐकलाय?"

ऐकला होता. हिंदीत फाळणीला विभाजनच म्हणतात. मुलतानच्या आजी तो शब्द म्हणायच्या आणि मग हातातलं लाटणं थांबायचं. आम्ही पोरं तेवढ्यात एक पराठा लांबवायचो.

"या शहरात राहून," काका म्हणाले, "एका स्पीकरची बॅटरी संपली म्हणून हा शब्द वापरायचा? माझी हरकत आहे. माझी अगदी सक्त हरकत आहे."

सुलभाताईंनी पेनाला टोपण लावलं. परागने फोन काढून पाहिला आणि परत ठेवला. मी वहीत लिहिलं, 'पुढील रविवारी.'

त्यांना घरी सोडताना मात्र मी गाडीत भडकलो. शनिवारी मी ऑफिसचं काम सोडून मसुदे करत होतो, वकिलाला जेवायला नेत होतो. म्हटलं, "काका, तुम्ही आयुष्यभर मसुदे तपासलेत. याला चपखल बसेल असा एक शब्द तुमच्याकडे नाही?"

"आहेत की," काका शांतपणे म्हणाले. "चांगले पाच-सहा आहेत."

मी ब्रेक लावला. मागचा ट्रकवाला माझ्या खानदानाबद्दल काहीतरी बोलून गेला. "मग सांगत का नाही?"

"मला कोणी विचारलं? मसुदा तुम्ही करायचा, हरकत मी घ्यायची. सुचवणं माझ्या कामात कधी नव्हतंच. सिग्नल सुटलाय, चला."

घरी येऊन मी हे मीनलला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. "तू सचिव कसा झालास रे?" तिने विचारलं.

"तुला माहितीये. बाथरूममध्ये होतो."

"अजून तिथेच आहेस," ती म्हणाली. "अरे, त्या माणसाने सरकारात आयुष्य काढलंय. जे होऊ द्यायचं नाही त्याला तिथे नाही म्हणतात का? शब्द सापडत नाही म्हणतात."

मग मी एक भेंडी चिरायला घेतली. तीही वाकडी गेली.

मी मात्र मसुदे करत राहिलो. आता आवडीने. 'मंडळास तडा गेला आहे' नेला, तो काकांनी तड्याची लांबी विचारून परत केला. 'दुफळी' नेला, त्यावर तिसऱ्या गटाने हरकत घेतली, जो त्या दिवसापर्यंत अस्तित्वात नव्हता. मध्येच मूर्तीची ऑर्डर द्यायची वेळ आली. पुण्याहून मूर्तिकाराचा फोन आला, किती मूर्ती? मी सभेत विचारलं. काका म्हणाले, "ठराव मंजूर होईपर्यंत मंडळ एकच. फाइल चालू आहे. चालू फाइलवर दोन मूर्ती मागवता येत नाहीत." परागने सुलभाताईंकडे पाहिलं. सुलभाताईंनी छताकडे पाहिलं. मी एक मूर्ती सांगितली.

आणि चतुर्थी येऊन ठेपली. "या वर्षी एकत्रच करू, पुढच्या वर्षी बघू," असं कोण प्रथम म्हणालं ते आता कोणीच कबूल करत नाही. माझ्या कानांनी ऐकलं, पराग आणि सुलभाताई एकदम म्हणाले आणि एकदम रागावले.

चतुर्थीच्या सकाळी मी हॉलमध्ये पोचलो तेव्हा नोएडाची पोरं शिडीवर चढून गाझियाबादच्या पताका लावत होती. परागचा स्पीकर भिंतीशी होता, त्यावर फक्त 'पार्किंगमधली गाडी काढा' अशा सूचना द्यायच्या असं ठरलं होतं. काका कुठे दिसेनात. मागच्या बाजूला स्वयंपाकाची खोली आहे. तिच्या दारातच ते विळीवर बसून नारळ खवत होते. बाह्या वर दुमडलेल्या, नाकावर खोबऱ्याचा एक कण, भोवती बायकांची ये-जा. मोदक उकडीचे आणि तळणीचे असे दोन्ही व्हायचे होते, त्यामुळे खोबरं पुरत नव्हतं.

मी शेजारी उकिडवा बसलो. "काका, आता तरी सांगा. कोणता शब्द होता?"

"कशाला?"

"मंडळाचं जे काही होणार होतं त्याला."

"झालं नाही ना?" त्यांनी वाटी फिरवली. "मग शब्द कशाला हवा?"

"तुम्ही मुद्दाम केलंत सगळं."

काका खवत राहिले. मग हात न थांबवता म्हणाले, "सचिवसाहेब, तुम्हाला या गणपतीचं आमंत्रण आलं होतं?"

"मला?" मी हसलो. "मला कशाला येईल? मला परागचा मेसेज आला. घरून लांब वायरचा बोर्ड आणणे, विसरू नये."

"मलाही नाही आलं," काका म्हणाले. हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू सरकारी बंगला मिळाला असावा. "कधीच आलेलं नाही. पहिल्या वर्षी शालिनी आणि मी नुसते आवाज ऐकून आलो होतो. कोणीतरी मराठीत ओरडत होतं, तेवढ्यावर. तुमचं एक मोठं टेबल दारात अडकलं होतं. आतून कोणीतरी म्हणालं, अहो, नुसते बघताय काय, तिकडून धरा. मी धरलं. टेबल आत गेलं, त्याच्यामागे मी गेलो. शालिनीला कोणी पोळ्या लाटायला बसवलं. नाव दुसऱ्या दिवशी विचारलं." त्यांनी रिकामी करवंटी बाजूला ठेवली आणि दुसरी वाटी घेतली. "शालिनी गेली त्या वर्षी मी येणार नव्हतो. सुलभाताईंचा फोन आला. म्हणाल्या, पाटोळे, विळीला धार कोण लावणार?"

मी एक करवंटी उगाच हातात घेतली.

"आता दोन झाली असती," काका म्हणाले, "तर दोन्हीकडून आमंत्रण आलं असतं. छापील. शाल घालून खुर्चीत बसवलं असतं, दोन शब्द बोला म्हणाले असते. मग प्रसादाचा पुडा हातात, आणि मुलं गाडीपर्यंत सोडायला..."

"पाटोळे!" सुलभाताई परात घेऊन दारात उभ्या होत्या. "काळं येतंय खोबऱ्यात! खवताय की करवंटी किसताय? आणि हे पाय आधी आवरा बघू, माणसांनी जायचं कुठून?"

"आवरतो, आवरतो," काकांनी घाईघाईने पाय पोटाशी घेतले. सुलभाताईंनी खवलेलं सगळं खोबरं परातीत ओढलं, फोडलेले आणखी चार नारळ त्यांच्यापुढे आपटले आणि पुटपुटत आत गेल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नाकावर खोबरं तसंच होतं.

"बघितलंत?" ते म्हणाले. "प्रमुख पाहुण्याशी असं बोलतं का कोणी?"